वॉर्डबॉयची सही

माझे वडील, आमचे आण्णा, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हाही ते वॉर्डबॉयच होते. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. दवाखान्याच्या सचिवांनी भाषणात तीनदा 'आपले वॉर्डबॉय' म्हटलं आणि तिन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या. केस पांढरे झालेला, गुडघे धरलेला तो 'बॉय' खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. मला त्या शब्दाचा मनापासून राग यायचा. राग होता तो त्यातल्या 'बॉय'चा. 'वॉर्ड'कडे माझं लक्षही नव्हतं.

वॉर्ड हा शब्द कोल्हापुरात कुणाला शिकावा लागत नाही. आमचं गावच ए, बी, सी, डी, ई असं वॉर्डांत वाटलेलं आहे. घराचा नंबर, मग 'ई वॉर्ड', मग कोल्हापूर, हे मी शाळेत जायच्या आधी पाठ म्हणून दाखवायचे. रेशनकार्डावर वॉर्ड, लाइटच्या बिलावर वॉर्ड, लग्नाच्या पत्रिकेवर वॉर्ड. इंग्रजीचा गंध नसलेली आमच्या गल्लीतली म्हातारी माणसंही 'आमचा ई वॉर्ड' असं म्हणायची, जसं कुणी 'आमचा मळा' म्हणेल. निवडणुकीचे वॉर्ड आणखी वेगळे. त्यांना अक्षरं नाहीत, नंबर असतात, आणि यंदा कुठला वॉर्ड राखीव पडला यावर चहाच्या गाड्यापाशी लोक एकमेकांची गचांडी धरायला येतात.

आण्णांचा वॉर्ड तिसऱ्या प्रकारचा. एका ट्रस्टच्या दवाखान्यातला पुरुषांचा जनरल वॉर्ड. त्या दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं चांगली होती. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, फिनेलचा वास, आणि खिडकीतून दिसणारं एक गुलमोहराचं झाड. आण्णा शाहूवाडीकडच्या डोंगरातून, भाताच्या खाचरातून कोल्हापुरात आले ते थेट या खोलीत. पेशंटला कुशीवर वळवणं, भांडं देणं, पुसून घेणं, स्ट्रेचर ओढणं आणि मेलेल्या माणसाचे डोळे मिटवणं, हे त्यांचं काम. दवाखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. सिस्टर म्हणत, डॉक्टर म्हणत, पेशंटही म्हणत. आयांना मावशी आणि वॉर्डबॉयना मामा, ही आपल्याकडच्या सगळ्याच दवाखान्यांची रीत आहे. हलकी कामं करणाऱ्या माणसाला नात्याच्या नावानं हाक मारली की आपल्याला बरं वाटतं, पगार वाढवावा लागत नाही. हे अर्थात माझं मत. आण्णांना मामा ही हाक आवडायची.

ती त्यांना जरा जास्तच आवडली असावी, कारण त्यातूनच त्यांना ती सवय लागली.

केसपेपरवर एक रकाना असे: 'नातेवाईकाचे नाव व नाते'. बहुतेक पेशंटबरोबर माणसांचा तांडाच असायचा, त्यामुळे तो रकाना भरायला अडचण नसायची. पण अधूनमधून एखादा माणूस एकटाच यायचा. एस.टी. स्टँडवर पडलेला, रिक्षावाल्यानं आणून सोडलेला, नाहीतर घरच्यांनी आणून बसवलेला आणि ज्याची 'आलोच' म्हणून गेलेली माणसं परत आलीच नाहीत असा. रकाना मोकळा राहिला की काम अडायचं. औषध कुणी आणायचं, रक्ताला कुणी जायचं, ऑपरेशनच्या कागदावर सही कुणी करायची? आण्णा अशा वेळी काउंटरवरचा पेन उचलत आणि त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहीत. पुढे 'नाते' म्हणून वय बघून काहीतरी लिहीत. म्हातारा असला तर पुतण्या, बरोबरीचा असला तर भाऊ, पोरगेला असला तर चुलता. जेमतेम सातवी शिकलेला माणूस, पण हे तीन शब्द ते झोकात लिहायचे. सिस्टरना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. कुणी हसायचं, कुणी डोळेझाक करायचं. काम चालायचं.

घरी त्यावरून आई त्यांची थट्टा करायची. म्हणायची, "कागदावर सारा जिल्हा तुमचा भाऊबंद हाय. एकाला तरी दिवाळीला बोलवा."

आण्णा म्हणायचे, "बरं हून घरी गेलं की झालं. दिवाळीला कशाला येत्यात?"

मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. एक म्हातारे गृहस्थ स्टँडवरून आले, पाय काळा पडलेला, साखर वाढलेली, तापानं बडबडत होते. स्वतःचं नाव त्यांनी सांगितलं, गावाचं मात्र एकदा एक आणि एकदा दुसरंच. बोलण्यावरून हातकणंगल्याच्या बाजूचे वाटले. मोठ्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की पाय काढला नाही तर माणूस जाईल, आणि हे आजच करायला पाहिजे. सही कोण करणार? आण्णांनी केली. नाते: भाऊ.

पाय काढला. म्हातारबा दोन दिवस शुद्धीवर होते, गावाच्या नावाचा घोळ तसाच राहिला, पण पेज प्यायले, आण्णांना 'अरे' म्हणू लागले. दरम्यान आण्णा सकाळची ड्यूटी संपवून स्टँडवर जात आणि हातकणंगले, पेठ वडगाव, त्या बाजूच्या गाड्यांच्या कंडक्टरांना गाठून नाव सांगत. "गावात इचारा, ह्या नावाचं कोण हरवलंय का. दवाखान्यात हायेत म्हनून सांगा." तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारबा गेले. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी आलं नाही. दवाखान्यात बर्फाची सोय नव्हती. कागदावर भाऊ होता, म्हणून ऑफिसनं भावाला बोलावून प्रेत ताब्यात दिलं.

आता यात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती पुढे कुणी विचारलीच नाही. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली बुद्ध धम्म घेतला. त्यानंतर आमच्या घरात कुणाच्या मयतीला मडकं फिरलं नाही, पिंड ठेवला नाही, कावळ्याची वाट बघितली नाही. आण्णा त्या बाबतीत अगदी कडक. सख्ख्या मावसभावानं घरी सत्यनारायण घातला तर हा माणूस त्याच्याकडे चार वर्षं पाणी प्यायला नव्हता. आणि त्याच माणसानं त्या दिवशी पंचगंगेवरच्या स्मशानात, बरोबरच्या दुसऱ्या वॉर्डबॉयला विचारून विचारून, एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी खांद्यावर पाण्याचं मडकं घेतलं, तीन फेऱ्या मारल्या आणि अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून नदीत सोडली, चिमूटभर एका डब्यात घालून ठेवली.

आईला हे कळलं तेव्हा तिचा आवाज गल्लीत ऐकू गेला. "तुम्ही मडकं धरलासा? तुम्ही?"

"त्यांच्यात धरत्यात," आण्णा म्हणाले. "माजं मरण हुतं का ते? त्याचं हुतं."

आठवड्यानं कंडक्टरचा निरोप पोचला. दुपारी म्हातारबांचा मुलगा आणि बरोबर दोघे, असे तिघे दवाखान्यात आले. मी त्या वेळी आण्णांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मुलगा आधी रडला. कुणी काही म्हणो, ते रडणं खरं होतं. वडील नरसोबाच्या वाडीला जातो म्हणून निघाले होते आणि नातेवाइकांकडे राहिले असतील असं घरच्यांना वाटत होतं. मग त्यानं केसपेपर मागितला आणि बोट ठेवून वाचला.

"हा भाऊ कोण? आमच्या आबाला भाऊ न्हाय."

आण्णा पुढे झाले. "पावणं, सहीला कोण नव्हतं. म्हनून मी केली."

"पाय कापायला तू सांगितलंस?"

"डाक्टर म्हनलं, न्हायतर जातील."

"मग गेलंच की." त्यानं आण्णांना खालून वर न्याहाळलं. "आडनाव काय तुमचं?"

आण्णांनी सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं की जिल्ह्यात पुढचं काही विचारावं लागत नाही. मी तिथे उभी होते, आणि त्या माणसाचा चेहरा बदलताना मला दिसला. दुःख होतं तिथंच राहिलं, पण त्यावर दुसरंच काही येऊन बसलं.

"आणि अग्नी?"

"मीच दिला."

"मामा मामा म्हणत्यात म्हणून तू काय आमचा पावणा झालास व्हय रं?" तो ओरडला. 'तुमचं'चं पुन्हा 'तू' झालं होतं. वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसले. आण्णांनी रक्षेचा डबा पुढे केला. तो त्यानं घेतला नाही. बरोबरच्या एकानं रुमालात गुंडाळून घेतला, हात न लावता.

लेखी तक्रार आली. तिच्यात जात कुठेच नव्हती. 'परक्या इसमाने खोटे नाते सांगून आमच्या वडिलांचा पाय काढण्यास संमती दिली व परस्पर अंत्यविधी उरकला' एवढंच होतं. कागद अगदी स्वच्छ. जात फक्त बोलण्यात होती, आणि बोलणं फाइलला लागत नाही.

सचिव म्हणजे शहरातले एक निवृत्त मुख्याध्यापक, धोतर, कोट, मऊ आवाज. त्यांनी आण्णांना बोलावून समोर बसवलं. हे मुद्दाम सांगते, कारण आण्णांना खुर्ची देणारे तिथे ते एकटेच. ते म्हणाले, "तुम्हाला काढावं असं कुणालाही वाटत नाही. पण कागद आलाय, त्याला कागदानंच उत्तर द्यायला हवं. शनिवारपर्यंत माफीपत्र द्या, म्हणजे विश्वस्तांपुढे ठेवून मिटवतो. नाही दिलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

नोकरी गेली असती तर दवाखान्यामागची खोली गेली असती. माझं कॉलेज गेलं असतं. हे कुणी बोललं नाही, पण आमच्या घरात तीन दिवस त्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

आण्णा कोरा कागद घेऊन बसायचे आणि उठायचे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "चूक कुठली लिवू?"

मी म्हटलं, "सही केलीत ती."

"सही केली न्हाय तर पाय काढत न्हाईत. पाय काढला न्हाय तर मानूस जातोय."

"तसाही गेलाच की."

"दोन दिस पेज प्याला," आण्णा म्हणाले.

मला त्यांचा संताप आला होता. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटत होती. मी वर्गात पहिली यायचे, माझ्या मैत्रिणींचे वडील शिक्षक, कारकून, दुकानदार. आणि माझा बाप परक्या लोकांच्या कागदांवर खोटी नाती लिहीत फिरतो, त्यावरून वॉर्डात शिव्या खातो, आणि वर विचारतो चूक कुठली. आई म्हणाली, "लिवून दे बाई तूच. तुजं अक्षर चांगलं हाय." मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला.

ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे. मी ते निबंधासारखं लिहिलं. सविनय, सादर, नम्रतापूर्वक. 'माझ्या अज्ञानामुळे व अनवधानाने माझ्याकडून घडलेल्या गंभीर चुकीबद्दल मी दिलगीर आहे.' इथे थांबले असते तरी चाललं असतं. सचिवांनी एवढंच मागितलं होतं. पण मी हुशार विद्यार्थिनी, चार ओळींच्या उत्तराला सहा ओळी लिहिल्या की मार्क जास्त मिळतात हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं: 'यापुढे मी कोणत्याही रुग्णाचा नातेवाईक म्हणून कोणत्याही कागदावर सही करणार नाही व केल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन.' कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातून आलं होतं, आणि लिहिल्यावर मला अभिमान वाटला होता.

आण्णांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर विचारलं, "हे शेवटचं लिवायलाच पायजे?"

मी म्हटलं, "हो. त्याशिवाय विश्वास बसणार नाही."

त्यांनी सही केली. सचिवांना पत्र फार आवडलं. भाषा कुणाची म्हणून त्यांनी चौकशी केली आणि मला शाबासकी सांगून पाठवली. प्रकरण मिटलं, खोली राहिली, मी बारावी पास झाले, बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन एम.ए. झाले.

दोन हजार सालानंतर मला पेठ वडगावच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. रोज कोल्हापूरहून एस.टी.नं जाऊन येऊन. तिथे अकरावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, गावातला वॉर्ड, दवाखान्यातला वॉर्ड आणि पालकांच्या फॉर्मवर 'तुमचा वॉर्ड' म्हणून आमचं नाव लिहितात तो वॉर्ड, हे तीन का एकच?" मी म्हटलं उद्या सांगते. शिक्षकाला 'उद्या सांगते'ची सवय असते, त्याचा अर्थ माहीत नाही असा होतो.

लायब्ररीत एक जाडजूड शब्दकोश होता, ज्याला माझ्याशिवाय फक्त वाळवी हात लावायची. त्यात बघितलं. तिन्ही एकच निघाले. फार जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ राखण, पहारा, राखणारा माणूस. गावाचा जो भाग एकाच्या राखणीत तो वॉर्ड. दवाखान्यातली जी खोली कुणीतरी डोळ्यात तेल घालून सांभाळायची ती वॉर्ड. ज्या पोराला सांभाळणारं कुणीतरी आहे ते पोरही वॉर्ड. राखणाराही तोच शब्द आणि राखलेलाही तोच. गार्ड आणि गार्डियन हे त्याचेच सख्खे भाऊ, फ्रेंचांच्या घरी वाढून परत आलेले. कपडे राखतो तो वॉर्डरोब, घर राखायचा तो स्टुअर्ड. अवॉर्ड आणि रिवॉर्डसुद्धा याच घरातले, दोन्हींच्या मुळाशी नीट बघणं, दखल घेणं. मी पानं उलटत गेले तशी भूक लागली ते विसरले.

'बॅकवर्ड'ही बघितला. तो बघितल्याशिवाय मी उठणारच नव्हते, कारण कॉलेजात स्कॉलरशिपच्या रांगेत कारकून तो शब्द मोठ्यानं ओरडायचा आणि आम्ही मान खाली घालून पुढे व्हायचो. त्यातला शेवटचा तुकडा या घराण्यातला नव्हता. तो वळण्याचा, तोंड फिरवण्याचा. आपल्या 'वर्तणूक'मधला 'वर्त' त्याचा लांबचा नातलग. मला उगाच बरं वाटलं की हे दोन शब्द नुसते सारखे ऐकू येतात, एकमेकांचे लागत कुणी नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं सांगितलं आणि मुलींनी वहीत उतरवून घेतलं. पण मला ते वर्गात सांगून समाधान नव्हतं. मला ते घरी सांगायचं होतं. ज्या शब्दातल्या 'बॉय'वरून मी आयुष्यभर चिडले, त्याच्या आधीचा शब्द केवढ्या मानाचा होता हे त्या माणसाला कळायला नको? मी शब्दकोशाच्या त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली.

रविवारी दुपारी आण्णा दारातल्या कट्ट्यावर बसले होते. आई शेजारी गेली होती. मी चहा दिला आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं, झेरॉक्सवर बोट ठेवून, वर्गात सांगते तसं. वॉर्ड म्हणजे राखण. म्हणजे तुमच्या हुद्द्याचा खरा अर्थ राखणदार, आण्णा. बिनआधाराच्या माणसाला राखणारा. कुणीही न सांगता तुम्ही तेच करत होता. मला वाटत होतं, मी त्यांना एवढ्या वर्षांनी काहीतरी देते आहे.

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजूही बघितली. म्हणाले, "राखणदार व्हय. शेतावर असतोय तसा."

"हो. तसाच."

"चांगलं हाय." त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "एकदाच चुकलं माजं."

मला वाटलं ते म्हातारबांबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, "ती चूक नव्हतीच आण्णा. ती मी लिहायला नको होती."

"ती न्हवं गं. त्याच्या नंतर." ते सावकाश बोलले. "आपल्या शाहूवाडीकडची एक बाई आलती. जीपवाल्यानं आणून सोडली, नवरा इचलकरंजीला मागावर, त्याला आणायला म्हनून जीप गेली. पोटात रक्त झालं हुतं. मी स्ट्रेचरला हुतो. डाक्टर नवा, पोरगंच हुतं. घरच्या मानसाची सही पायजे म्हनला. नवरा ईल म्हनला. मग माज्याकडं बघितलं त्यानं. मामा, करताय का? म्हनला. त्याला कोन तरी सांगितलं असनार, मी करतोय म्हनून."

मला कळायला लागलं होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

"पेन हातात घेतला मी. कागद फुडं हुता. बाईनं बघितलं माज्याकडं. शुद्धीत हुती. मग ते पत्र आठवलं. केल्यास कारवाईस पात्र राहीन." हे शब्द त्यांनी माझ्यासारखेच म्हटले, शुद्ध, एकेक अक्षर तोलून. "पेन ठेवला खाली. दुपारी बाराला आलती. चारला गेली. नवरा साडेचारला आला."

समोरून एक सायकल गेली. कुणीतरी आण्णांना हात केला, त्यांनीही केला.

माझ्या हातात ती झेरॉक्स होती. मला ती चुरगळावी, गिळून टाकावी, काय करावं ते कळेना. ती बाई कशी दिसत होती ते मी विचारलं नाही, तिचं नाव विचारलं नाही. ते वाक्य माझं होतं. सचिवांचं नव्हतं, ट्रस्टचं नव्हतं, हातकणंगल्याच्या त्या माणसाचंही नव्हतं. सहा ओळींच्या हौसेपायी लिहिलेलं, माझ्या वळणदार अक्षरातलं. एवढी वर्षं मी असं धरून चालले होते की त्या पत्रानं एक नोकरी वाचली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. कुणाला अवघड वाटू नये म्हणून नजर कुठे ठेवायची हे त्यांना त्या खोलीत तीस वर्षांत पक्कं कळलं होतं.

मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत मला? मी गेले असते सचिवांकडे. पत्र परत मागितलं असतं. काहीतरी केलं असतं."

"कसं सांगणार?" आण्णा म्हणाले. "तुजं पेपर चालू हुतं."